घरगुती वॅक्स बाथ मशीन: नोकरी करणाऱ्या तरुण हातांनी घ्यावं का?

ज्यांची बोटं सकाळी उघडत नाहीत आणि तरीही ज्यांना नऊच्या आत कामावर हजर व्हायचं असतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हातांना मेणाचा शेक देणारं घरगुती मशीन मी गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी घेतलं. फिजिओथेरपीवाले त्याला वॅक्स बाथ म्हणतात, आमच्या घरात त्याचं नाव नुसतं ‘मेण’ पडलं आहे. तेव्हापासून ते नियमित वापरात आहे. घ्यावं असंच माझं मत आहे. फक्त ते सगळ्यांसाठी नाही, आणि दुकानदार ज्या कारणासाठी विकतो त्या कारणासाठी तर नाहीच.

कुणाच्या हातांवर वापरलं हे कळल्याशिवाय असल्या वस्तूबद्दलच्या मताला अर्थ नसतो, म्हणून आधी हातांबद्दल. माझं वय सत्तावीस. चोविसाव्या वर्षी मला ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिसचं निदान झालं. आपल्याकडे सरसकट संधिवात म्हणतात त्यातला हा प्रकार. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते. अस्तर सुजतं, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर ती सूज शेजारची कुर्चा आणि हाड खात जाते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पट जास्त होतो. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीत सुरू होतो, पण वयाची अट नाही. सोळाच्या आत सुरू होणाऱ्या सांध्यांच्या दीर्घकाळच्या सुजेला तर वेगळं नावच आहे, जुव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हे होतं. हे मुद्दाम सांगते, कारण ‘एवढ्याशा वयात कसला वात’ हे वाक्य ऐकून ऐकून कितीतरी मुलंमुली डॉक्टरकडे उशिरा पोचतात.

मी वाई तालुक्यातल्या एका सब पोस्ट ऑफिसात काउंटरला बसते. पोस्टाचं काम सगळं संगणकावर गेलं असं बाहेरून वाटतं, पण काउंटरवर बसणाऱ्याचे हात अजून तितकेच राबतात. स्पीड पोस्टच्या पाकिटांवर बारकोडचे स्टिकर सोलून चिकटवायचे, तारखेचा शिक्का मारायचा, नोटा मोजायच्या, त्यांना रबर लावायचं, पासबुकं उघडून प्रिंटरखाली सरकवायची. आरडीच्या एजंट बायका याद्या आणि रोकड घेऊन येतात त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. राखीपौर्णिमेच्या आधीचे आठवडे तर विचारू नका. शिक्का मारताना सगळा भार मनगटावर आणि बोटांच्या मुळाशी येतो, आणि माझे नेमके तेच सांधे दुखरे आहेत.

या आजारात सकाळ सगळ्यात वाईट. रात्री शरीर निपचित असतं आणि सूज वाढवणारी रसायनं रक्तात पहाटेच्या सुमारास चढतात. म्हणून उठल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ बोटं आखडलेली राहतात. दुधाची पिशवी कातरता येत नाही, कुकरचं झाकण फिरत नाही, ओढणीला पिन लावता येत नाही. आखडलेपणा दहापर्यंत उतरतोही, पण आमचं काउंटर दहाची वाट बघत नाही.

क्लिनिकमध्ये मेणाचा शेक मी आधी घेतलेला होता. हात इतके मोकळे झाले की बाहेर पडताना चपलेचा पट्टा न थांबता लावला. पण क्लिनिक उघडतं सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचनंतर. मला शेक हवा होता पहाटे सहाला. घरी मशीन घेण्यामागचं कारण एवढंच.

खरेदी पुण्यात केली, सदाशिव पेठेतल्या एका सर्जिकल साहित्याच्या दुकानात. तपासणीसाठी डॉक्टरांकडे पुण्याला जावंच लागतं, त्याच फेरीत. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, आजींसाठी बघताय का?” मी हात पुढे केला आणि म्हटलं, माझ्यासाठी. ते क्षणभर गप्प झाले आणि मग खुर्ची पुढे सरकवली. त्यानंतर मात्र त्यांनी प्रत्येक मशीन उघडून दाखवलं, घाई केली नाही. ज्यांना हा आजार जवळून माहीत नाही त्यांची पहिली प्रतिक्रिया अशीच असते, आणि विश्वास ठेवून पुढे वागणारा माणूस भेटला की त्या वस्तूइतकंच त्या वागण्याचंही मोल वाटतं. मशीनच्या खोक्यावर मात्र पांढऱ्या केसांच्या बाईंचं चित्र आहे, आणि आतल्या पत्रकात ‘वृद्धांसाठी उपयुक्त’ एवढंच लिहिलेलं आहे. कामावर जाणाऱ्या माणसाने ते कधी आणि कसं वापरावं याबद्दल एक ओळही नाही.

दुकानात दोन तऱ्हेची मशीनं होती. एक ब्यूटी पार्लरमध्ये असतं तसलं, हलकं, प्लॅस्टिकचं, उथळ. त्यात हात तिरका घातला तरी मनगट बाहेर राहतं. गुळगुळीत त्वचेसाठी ते पुरेल, पण माझं निम्मं दुखणं मनगटात आहे. दुसरं स्टीलच्या टाकीचं, खोल, जड झाकणाचं, साधारण तीन किलो मेण मावेल असं. दोन वेगळ्या कंपन्यांची खोकी उघडली तर आतला डबा आणि बटण हुबेहूब तेच निघालं, त्यामुळे नावापेक्षा खोली, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) आणि वायर बघून घ्या. मी स्टीलचं घेतलं, चार हजार आठशेला, मेणाची पहिली लादी त्यातच. १५० वॅटचं आहे, म्हणजे विजेचा भार नगण्य.

हे मेण म्हणजे पॅराफिन. दिव्यात, मेणबत्तीत वापरतात त्याचंच शुद्ध रूप, आणि त्यात लिक्विड पॅराफिन नावाचं तेल मिसळतात. साधारण सात भाग मेणाला एक भाग तेल. तेलामुळे मेण कमी तापमानाला वितळतं आणि हातावरून सोलताना तुटत नाही. वापरताना ते पन्नास अंशांच्या आसपास असतं. पन्नास अंशांच्या पाण्यात हात धरवणार नाही, पोळेल. मेणात धरवतो, कारण मेण पाण्यापेक्षा कमी उष्णता साठवतं आणि ती हळू सोडतं. शिवाय पहिल्याच बुडीला त्वचेवर पातळ थर गोठतो आणि पुढच्या गरम मेणापासून तोच त्वचेला सांभाळतो. गोठता गोठता तो आपली ऊब आत देत राहतो. गरम पाण्याचा टब पाच मिनिटांत कोमट होतो, मेणाचा मोजा वीस मिनिटं धग धरून राहतो. फरक इथे आहे.

करायचं कसं ते सविस्तर लिहिते, पत्रकात ते नीट दिलेलं नाही म्हणून.

हात साबणाने धुवायचे आणि खडखडीत कोरडे करायचे. पाण्याचा थेंब मेणात गेला तर तिथे चटका बसतो. अंगठ्या, बांगड्या काढायच्या. नखात हळद असेल तर मेण पिवळं पडतं, आमच्याकडचं पहिलं मेण दोन आठवड्यांत पिवळसर झालं ते त्यामुळेच. बोटं किंचित फाकवून हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवायचा आणि लगेच बाहेर. चकाकी जाऊन थर गोठलेल्या तुपासारखा मंद दिसायला लागला की पुन्हा बुडी. असं आठ-दहा वेळा. दुसऱ्या बुडीपासून पहिल्या थराच्या रेषेच्या वर जायचं नाही, नाहीतर गरम मेण आत शिरतं. बोटं हलवायची नाहीत, थराला तडा जातो. शेवटच्या बुडीनंतर हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि वरून टॉवेल गुंडाळायचा. मी टॉवेलऐवजी लोकरीची जुनी कानटोपी चढवते, ती घट्ट बसते आणि ऊब धरते. पंधरा ते वीस मिनिटांनी सगळं सोलून काढायचं. मोजा अख्खा निघतो, आणि तो एकट्यानेच वापरलेला असेल तर परत टाकीत टाकता येतो.

यात एक अडचण कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. दोन्ही हात एका वेळी करायचे असतील तर दुसऱ्या हातावर पिशवी चढवणार कोण? एका हाताला मेणाचा मोजा, दुसऱ्याला ओला थर. एकटं राहणाऱ्या माणसाला एकेक हात करावा लागेल, म्हणजे वेळ दुप्पट. माझ्याकडे हे काम आजी करते. ती साडेपाचलाच उठलेली असते. मी दोन्ही हात पुढे धरते, ती पिशव्या चढवते, वर कानटोप्या ओढते आणि ‘आता बस गप, पोरी’ म्हणून चहा ठेवायला जाते. वीस मिनिटं मला काहीच करता येत नाही, आणि सकाळच्या धावपळीत तेवढीच खरी विश्रांती मिळते.

आता वेळेचं गणित. लादी घट्ट असताना मशीन लावलं तर सगळं मेण पातळ व्हायला अडीच ते तीन तास लागतात, थंडीत त्याहून जास्त. सहाला शेक हवा तर तीनला मशीन चालू पाहिजे. दिवसरात्र चालू ठेवायची सोय काही जण सांगतात, मला ती पटत नाही. मेण पेट घेणारी वस्तू आहे, गरजेपेक्षा जास्त वेळ ते तापत ठेवायला नको. मी टायमरचा प्लग घेतला, फिरत्या चकतीचा, आणि मशीन स्वयंपाकघरात, पडद्यापासून लांब, फरशीच्या ओट्यावर ठेवलं. पण चकतीचा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. पावसाळ्यात रात्री दोन तास वीज गेली की सगळं वेळापत्रक दोन तास मागे, आणि सहाला टाकीत अर्धी लादी तरंगत असते. बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारे डिजिटल टायमर मिळतात. वीज बेभरवशाची असेल तर सुरुवातीलाच तो घ्या. वैतागून गॅसवर भांडं ठेवून मेण वितळवायला मात्र कुणी जाऊ नका, कितीही उशीर झाला तरी.

थर्मोस्टॅट हा या मशीनचा सगळ्यात कच्चा भाग. बटणावर नुसत्या एक ते पाच खुणा आहेत, अंशांचा आकडा नाही. ‘तयार’ असा हिरवा दिवा लागतो तेव्हा माझ्या मशीनमधलं मेण अठ्ठावन्न अंशांवर असतं. हे मी स्वयंपाकाचा थर्मामीटर टाकून बघितलं. अठ्ठावन्नाला हात घालायचा नाही. मी दिवा लागल्यावर बटण बंद करते, झाकण काढते आणि वाट बघते. कडेने मेणावर पातळ साय धरायला लागली की तापमान योग्य झालेलं असतं, क्लिनिकमधल्या ताईही हीच खूण बघतात. तरी आकडा बघितल्याशिवाय मी हात घालत नाही, आणि ज्यांच्या हातांना मुंग्या येतात, बधिरपणा आहे किंवा मधुमेहामुळे संवेदना कमी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मशीन घेऊच नये. चटका बसला तरी त्यांना वेळेत कळणार नाही. जखम असेल, त्वचेवर पुरळ किंवा बुरशी असेल तरीही नाही.

आणखी एक गोष्ट, तरुण रुग्णांनी विशेष लक्षात ठेवावी अशी. आजार भडकलेला असतो, सांधा लाल, गरम आणि टरारून सुजलेला असतो, तेव्हा शेक नको. आधीच पेटलेल्या सांध्याला बाहेरून ऊब दिली की ठणका वाढतो. तेव्हा टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ बरा, आणि डॉक्टरांना फोन. मेण आखडलेपणासाठी आहे. माझ्या बाबतीत महिन्यातले काही दिवस असे येतातच की मशीन बंद राहतं.

मग फायदा नक्की काय? शेक झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं हात मऊ, सैल आणि थोडे तेलकट असतात. ती मिनिटं चहा पिण्यात घालवली तर शेकाचा निम्मा उपयोग वाया जातो. तेव्हाच व्यायाम करायचा. बोटं सरळ, मग आकड्यासारखी वाकवलेली, मग पूर्ण मूठ, मग बोटं फक्त मुळाशी वाकवून बाकी सरळ, आणि अंगठा एकेका बोटाच्या टोकाला. दुखेपर्यंत ओढायचं नाही, सूज असेल त्या बोटाला जोर द्यायचा नाही. माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की नुसत्या मेणाच्या भरवशावर राहू नकोस. आणि अभ्यासही तेच सांगतात. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००२ साली ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिसमधल्या शेकाच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, सात अभ्यास, ३२८ रुग्ण. निष्कर्ष असा की मेणाचा शेक आणि हातांचे व्यायाम मिळून केले तर हातांना थोड्या काळासाठी चांगला फायदा होतो. २०१५ साली द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ४९० रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात तर मेण नव्हतंच, फक्त हातांचे ठरवून दिलेले व्यायाम होते, आणि त्यांनी हातांचं काम सुधारलं. म्हणून मी या मशीनकडे व्यायामाची वाट मोकळी करणारं साधन म्हणून बघते. ज्याला व्यायाम करायचाच नाही त्याने चार हजार आठशे रुपये वाचवावेत.

माझ्या सकाळीत पडलेला फरक सांगते. पूर्वी मी आठ-साडेआठपर्यंत हात सोडवत बसायची, आता सव्वासातला बोटं मिटतात. पूर्ण मूठ रोज होतेच असं नाही, पण पेन धरवतो, स्कूटीचा ब्रेक दाबता येतो. हा ब्रेक माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. ब्रेक पूर्ण दाबण्याची खात्री नसेल त्या दिवशी मी गाडी काढतच नव्हते, आणि आमच्या गावातून त्या वेळेची एसटी गेली की पुढची दीड तासाने. आता बहुतेक दिवशी गाडीने जाते. काउंटर उघडल्यावर पहिल्या तासात नोटा मोजताना रांगेतल्या माणसांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. रांगेतली माणसं वाईट नसतात, पण हात धडधाकट दिसणारी मुलगी इतकी हळू का मोजते आहे, हे त्यांना कळणार तरी कसं? या वयात आजार दिसत नाही म्हणून जो खुलासा सारखा करावा लागतो, तो रोज थोडा कमी झाला, याचं मला मनापासून बरं वाटतं.

हा असर टिकतो किती? माझ्या हातांत दोन-तीन तास. दुपारनंतर मनगट पुन्हा बोलायला लागतं, तेव्हा मेण उपयोगी नाही. तेव्हा शिक्का मारताना मी मनगटाला आधार देणारा स्प्लिंट बांधते आणि आमचे पोस्टमन काका न सांगता टपालाच्या थैल्या उचलून देतात.

दुकानदाराने मात्र मशीन विकताना सांगितलं होतं की ‘यानं वात मुळापासून जातो’. नाही जात. सूज आतून, रक्तातून येते, ती औषधानेच आटोक्यात राहते. मी मेथोट्रेक्सेट घेते, शनिवारी रात्री. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना वार पाठ आहे. सोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक काळाने रक्ताची आणि यकृताची तपासणी. रविवारी मळमळ होते, तरी मी ती चुकवत नाही. माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांना हाच आजार होता. १९६७ साली केपटाउनमध्ये त्यांनी ती शस्त्रक्रिया केली तेव्हाही होता, आणि १९८३ मध्ये हातांमुळेच त्यांना शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला या आजारासाठी मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये, म्हणजे त्यांनी शस्त्रक्रिया थांबवल्यानंतर. मी चोवीस वर्षांची असताना आजारी पडले तेव्हा ती गोळी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळत होती, तीही स्वस्तात. ती गोळी सोडून फक्त मेणावर, किंवा नाव नसलेल्या पुड्यांवर विसंबणं म्हणजे आपल्या वाट्याला आलेली चांगली गोष्ट हातची घालवणं. असल्या पुड्यांमध्ये कधी कधी न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, तेव्हा पहिल्या दिवशी आराम पडला म्हणून हुरळून जाऊ नका.

ही गोळी चालू असताना गर्भ राहू द्यायचा नसतो, हेही डॉक्टरांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे. मूल हवं असेल तेव्हा आधी काही महिने औषध बदलतात. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि मशीनचा विषय तिथेही निघाला. मावशी म्हणाली, “अगं, पाहुणे यायच्या आत ते यंत्र कपाटात टाक. उगाच प्रश्न नकोत.” तिचं प्रेम मला कळतं. पण मी ते ओट्यावरच ठेवलं. जो माणूस रोज सकाळी माझ्याबरोबर उठणार आहे त्याला ते दिसणारच आहे, आणि कानटोपी चढवायचं कामही त्यालाच करायचं आहे. आलेल्यांपैकी एका घराने नंतर कळवलंच नाही. दुसऱ्या घरातल्या काकूंनी झाकण उघडून मेण बघितलं आणि किती वेळ लागतो, दुखतं का, असं नीट विचारलं. अजून ठरलेलं काही नाही.

आजीनेही मशीन वापरून बघितलं, आणि त्यातून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. तिचा वात वेगळा आहे. तिला वयाप्रमाणे झालेली झीज आहे, बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांना कडक गाठी आल्या आहेत. माझे मुळाकडचे आणि मधले सांधे धरतात, टोकाचे शाबूत आहेत. आमचे हात शेजारी ठेवले की दोन आजार स्पष्ट दिसतात. तिच्या सांध्यांत भडका नसतो, त्यामुळे तिला मेण कुठल्याही दिवशी मानवतं आणि ती दुपारी निवांत शेक घेते. तिच्या हातावरून निघालेलं मेण आम्ही टाकीत परत टाकत नाही, वेगळ्या डब्यात ठेवतो. तिचे गुडघे मात्र टाकीत जाणं शक्य नाही. क्लिनिकमध्ये त्यासाठी ब्रशने मेणाचे थर देतात, घरी आम्ही तो खटाटोप केला नाही, गरम पाण्याची पिशवी तिला पुरते. एका घरात दोन वयांचे हात असतील तर मशीनचे पैसे लवकर वसूल होतात, एवढं खरं.

चालू खर्च कमी आहे. मेण मी दोन-अडीच महिन्यांनी बदलते, गढूळ दिसायला लागलं की. लादी सर्जिकलच्या दुकानातून एकदम तीन-चार किलो आणते, लिक्विड पॅराफिन कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. सुगंधी, रंगीत मेण घेऊ नका, त्वचेला खाज सुटते आणि किंमतही दुप्पट. जमिनीवर सांडलेलं मेण फार निसरडं होतं, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, विशेषतः घरात म्हातारं माणूस असेल तर. विक्रीनंतरच्या सेवेबद्दल चांगलं लिहिता येत नाही. हिवाळ्यात माझं मशीन तापेनासं झालं, तेव्हा कंपनीच्या क्रमांकावर कुणी नीट उत्तर दिलं नाही. शेवटी आमच्या बाजारपेठेतल्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्या दादांनी थर्मोस्टॅट बदलून दिला, तेव्हापासून ठीक चालतंय.

ज्यांना सकाळी वेळ आहे आणि क्लिनिक जवळ आहे त्यांनी आधी तिथे काही आठवडे मेण घेऊन बघावं. तिथे फरक पडला नाही तर घरी पडणार नाही. शिफ्टमध्ये काम करणारे, वसतिगृहात राहणारे, एकटे राहणारे यांनी आधी वेळेचा आणि पिशवी चढवणाऱ्याचा विचार करावा. त्यांना पहाटे गरम पाण्यात हात बुडवून तेच व्यायाम करणं जास्त झेपेल. शाळकरी मुलांसाठी घ्यायचं असेल तर मशीनजवळ मोठं माणूस कायम हवं, आणि तापमान त्या मोठ्या माणसाने बघायचं.

बाकीच्यांनी घ्यावं. तापमानाचा आकडा दाखवणारं मशीन हजारभर रुपये जास्त देऊन मिळत असेल तर तेच घ्या. माझ्या मशीनची वायर जेमतेम हातभर आहे, तीही बघून घ्या, एक्स्टेन्शनवर हे चालवायला नको. आणि दुकानदाराला खोकं उघडायला लावून रिकाम्या टाकीत आपला पंजा मनगटापर्यंत घालून बघा, बोटं फाकवून. मावत नसेल तर पुढच्या दुकानात जा.